नासकारमध्ये जिंकलेल्याची गाडी कोण तपासतं?

अक्कलकोट_रोड_गॅरेज:
आमच्या पोराने मागच्या महिन्यात एका गावच्या मातीच्या शर्यतीत गाडी उतरवली होती, शंभर सीसी गट. पहिला आला आयोजकाचा भाचा. त्याच्या गाडीचा आवाज ऐकूनच कळत होतं की इंजिनाचं बोरिंग करून, म्हणजे सिलिंडर मोठा करून आणलीय. म्हटलं, इंजिनाचं हेड खोला. तर आयोजक म्हणे, "मालक, खेळ आहे, सोडून द्या की." नासकार, ती अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवते ती, तीसुद्धा एका घराण्याचीच कंपनी आहे म्हणतात. मग तिथे कसं चालतं?

नाना_फिटर:
घराण्याचीच आहे. बिल फ्रान्सने १९४८ मध्ये काढली, आता त्याचा धाकटा मुलगा जिम बघतो. नियम त्यांचे, दंड त्यांचा, बरेचसे ट्रॅकही त्यांचेच.

पण त्यांच्या मुख्य मालिकेच्या पहिल्याच मोसमाची पहिली शर्यत ऐका. जून १९४९, शार्लट, मातीचा ट्रॅक. ग्लेन डनअवे नावाचा गडी फोर्ड घेऊन पहिला आला. नंतर गाडीखाली वाकून बघितलं तर मागचे स्प्रिंगचे पाटे फाकवलेले! चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांची ती युक्ती, वळणावर गाडी झुकत नाही. (आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीला जादा पाटा घालतात, त्याचीच अमेरिकन भावकी.) डनअवे बाद, दुसरा आलेला जिम रोपर विजेता. गाडीमालक कोर्टात गेला आणि हरला. नियम कुणाचा, हे त्या दिवशीच ठरलं.

सात_रस्ता_७:
नाना, ते जुनं झालं. मध्ये कित्येक वर्षं फसवणूक सापडली तरी विजय जिंकणाऱ्याकडेच राहायचा, फक्त गुण कापायचे आणि दंड घ्यायचे. शर्यतीनंतरच्या तपासणीत सापडला तर थेट बाद, हे २०१९ पासून.

नाना_फिटर:
बरोबर. म्हणून तर २०२२ मध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर ते प्रकरण झालं. हॅमलिन पहिला, काइल बुश दुसरा, दोघं एकाच संघाचे. दोघांच्याही गाडीच्या नाकावर, रंगीत वेष्टनाखाली, टेपची जादा पट्टी निघाली. टेप हो! दोघेही बाद. तिसरा आलेला चेस इलियट विजेता, ज्याने अख्ख्या शर्यतीत एकही फेरी पुढे राहून काढली नव्हती.

आता तर बरेचसे भाग सगळ्यांना त्या त्या भागाच्या ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावे लागतात. सुट्या भागाला घरी हात लावला की मोठा दंड. अपिलाची सोय आहे, पण पोकोनोनंतर हॅमलिन-बुशच्या संघाने अपीलच केलं नाही.

अक्कलकोट_रोड_गॅरेज:
म्हणजे आमच्याकडे फक्त कुणीतरी वाकून बघायला पाहिजे होतं. नाना, पुढच्या वेळी येता का? माप घ्यायचं व्हर्नियर आहे ना तुमच्याकडे?

नाना_फिटर:
गिरणी बंद पडली तेव्हापासून पेटीतच आहे, तेल लावून. येतो की. फक्त भाच्याची गाडी पहिल्यांदा खोलायची, तुमच्या पोराची दुसऱ्यांदा. दोन्ही खोलायच्या पण.

अक्कलकोट_रोड_गॅरेज:
आमची कशाला?