आईच्या जलरंगाच्या क्लाससाठी काय काय घेऊ?

प्रश्न: आई ६७ व्या वर्षी पहिल्यांदा ब्रश धरणार आहे. यादीत फक्त '३०० जीएसएम कागद, राउंड ब्रश, ट्यूब' लिहिलंय. पुण्यात कुठे मिळेल? मुलाची रंगपेटी चालेल का?

उत्तर: अप्पा बळवंत चौकात एका फेरीत सगळं मिळेल.

उत्तर: ताई, पैसे कागदावर घाला. रंग साधे चालतील, कागद नाही. ड्रॉइंगच्या वहीचं पान पाणी लागताच फुगतं, दुसरा हात दिला की त्याच्या बारीक गोळ्या सुटतात आणि आईंना वाटतं आपल्यालाच जमत नाही. फार वाईट वाटतं असं कुणी क्लास सोडला की. ३०० जीएसएम म्हणजे जाड कागद; त्यातही कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत, १०० टक्के कॉटनचा घ्या. महाग वाटला तर मोठा ताव घेऊन आठ तुकडे करा. ब्रश ६ आणि १० नंबर. ओला केल्यावर टोक जुळतं का, दुकानातच बघा. काळी ट्यूब नको. अल्ट्रामरीन ब्लूत बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळा, पावसाळी आभाळाचा सुरेख करडा मिळतो.

प्रश्नकर्ती: आई विचारतेय, पॅलेटऐवजी स्टीलची ताटली चालेल?

उत्तर: चिनी मातीची पांढरी बशी द्या. स्टीलवर रंग किती पातळ झालाय ते कळत नाही.