ब्रिटनमधील छोट्या कारागिराकडून हाताने घडवलेली इलेक्ट्रिक गिटार मागवावी का?

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांना नमस्कार. मी गेली अठरा वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझ्याकडची कारखान्यात तयार झालेली गिटार चांगलीच आहे. तरीही एकाच माणसाने लाकूड निवडण्यापासून तारा चढवण्यापर्यंत घडवलेले वाद्य एकदा तरी आपले असावे, ही फार जुनी इच्छा आहे. ब्रिटिश गिटार-कारागीर टोनी झेमायटिस यांच्या कोरीव धातूच्या पत्र्याने मढवलेल्या गिटारी आणि क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी वापरून, तयार केलेली गिटार यांविषयी वाचल्यापासून ओढा ब्रिटिश कारागिरांकडे आहे.

इंग्लंडमधील एका लहान कार्यशाळेने मला २,६०० पौंड किंमत, तीस टक्के आगाऊ रक्कम आणि नऊ महिन्यांची मुदत कळवली आहे. हातात न घेता एवढे पैसे गुंतवावेत का, सीमाशुल्क धरून गिटार कितीला पडेल आणि आपल्या हवेत ती नीट राहील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा_६ (सातारा)

मी पाच वर्षांपूर्वी अशीच एक गिटार मागवली होती. आधी किमतीचे पाहू. कळवलेल्या किमतीत तिकडचा २० टक्के व्हॅट (विक्रीवरचा कर) धरलेला आहे का, हे विचारून घ्या. परदेशी पाठवलेल्या मालावर तो आकारला जात नाही, त्यामुळे तो धरलेला असल्यास तुमची मूळ किंमत सुमारे २,१६७ पौंडांवर येते. मात्र वर्षाची उलाढाल ९०,००० पौंडांच्या आत असलेल्या कारागिराला व्हॅटची नोंदणी सक्तीची नसते. एकट्याने काम करणारे बरेच जण त्यातच मोडतात आणि मग वजा करण्यासारखे काही उरत नाही. इकडे सीमाशुल्क केवळ गिटारीच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर लागते आणि सीमाशुल्क धरून होणाऱ्या एकूण बेरजेवर पुन्हा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). सीमाशुल्काच्या वर्गवारीत इलेक्ट्रिक गिटार ९२०७ या शीर्षाखाली येते. तो क्रमांक देऊन कुरिअर कंपनीकडून आजचा आकडा लेखी मागवा.

माझी खरी चूक पैशांत झाली नाही. नेक (गिटारीची दांडी) कशी हवी, असे कारागिराने विचारले तेव्हा मी 'मध्यम' एवढेच लिहिले. त्याच्या हिशेबी मध्यम म्हणजे पहिल्या फ्रेटपाशी (दांडीवरच्या पहिल्या पडद्यापाशी) २३ मिलिमीटर जाडी होती आणि माझ्या हाताला २०.५ ची सवय होती. गिटारीचा आवाज अप्रतिम आहे, पण तासाभराने अंगठा भरून येतो आणि अजूनही त्याचे वाईट वाटते. आपल्या सध्याच्या गिटारीची पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी जाडी, तसेच नटची (दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची) रुंदी व्हर्निअरने (बारीक मापे घेण्याच्या मोजपट्टीने) मोजा आणि तीच मापे मागणीपत्रात लिहा.

तंतकार (मिरज)

आमच्या घरात सतार आणि तंबोरे बनतात, त्यामुळे गिटारीविषयी मी लाकडाच्या बाजूनेच बोलू शकेन. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. दांडी थोडी हलली तरी पडदा सरकवून सूर जुळवता येतो. गिटारीचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले असल्यामुळे ती सोय नाही. एप्रिल-मेमध्ये दांडीवरची, पडदे बसवलेली पट्टी (फिंगरबोर्ड) आकसली की पडद्यांची टोके कडेने बाहेर येऊन बोटाला लागतात आणि पावसाळ्यात दांडीचा बाक बदलतो. म्हणून दांडीचे लाकूड किती वर्षे मुरवलेले आहे, हे अवश्य विचारा आणि शक्य असल्यास लाकडाच्या तीन किंवा पाच उभ्या पट्ट्या जोडून केलेली दांडी मागा, कारण ती एकसंध दांडीपेक्षा कमी हलते.

फिंगरबोर्डसाठी ज्याला ते भारतीय रोझवूड म्हणतात, तो आपल्याच सह्याद्रीत वाढणारा शिसव. नोव्हेंबर २०१९ पासून त्याच्या तयार वाद्यांना साइटिसच्या (दुर्मीळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या) परवान्याची गरज उरलेली नाही. ब्राझिलियन रोझवूड मात्र घेऊ नका, त्यावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत.

आणखी एक सांगतो. हाताने घडवलेले वाद्य घडवणाऱ्याकडे परत येत राहते. आमच्याकडे वीस-वीस वर्षांपूर्वीच्या सतारी जवारीसाठी (घोडीचा माथा घासून आवाज खुलवण्यासाठी) येतात. तुमचा कारागीर मात्र समुद्रापलीकडे असेल, आणि पडदे घासण्याची गिटारीची अवजारे आमच्याकडेही नाहीत. तेव्हा ते काम जवळपास कोण करून देईल, हे आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी ठरवा.

विश्रामबागकर (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. मुरवलेल्या लाकडाचा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आत्ता फेब्रुवारीत मागणी नोंदवली, तर गिटार पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात हाती येईल, हेही बरे दिसते. व्हॅट, दांडीच्या पट्ट्या आणि लाकडाचे वय हे तिन्ही प्रश्न आजच लिहून पाठवतो.

अजिंक्यतारा_६ (सातारा)

उत्तर येईपर्यंत एखाद्या रविवारी साताऱ्याला या आणि माझी गिटार दोन तास सलग वाजवून पाहा. २३ मिलिमीटर आपल्या हाताला कसे वाटतात, ते आकड्यावरून कळत नाही. येताना तुमची गिटार आणि व्हर्निअर बरोबर आणा, म्हणजे दोन्हींची मापे शेजारी ठेवून लिहिता येतील.