शब्दचर्चा: ‘ब्रीड’ म्हणजे जात की प्रजाती? आणि मग ‘टाइप’ला काय म्हणायचं?

अनुवादक:
धोकादायक कुत्र्यांविषयीच्या ब्रिटिश कायद्याचा मराठी अनुवाद चालू आहे आणि दोन शब्दांवर गाडी अडली आहे. पहिला ‘ब्रीड’. बातम्यांत ‘बंदी घातलेल्या प्रजाती’ असं सर्रास येतं, ते बरोबर आहे का? दुसरा ‘टाइप’. कायद्यात पिटबुल टेरियरबद्दल बोलताना ‘ब्रीड’ नव्हे, ‘टाइप’ असा शब्द आहे. दोन्हींना सरसकट ‘जात’ म्हटलं तर काही बिघडेल का?

पशुवैद्य:
‘प्रजाती’ नकोच. चिहुआहुआ घ्या नाहीतर ग्रेट डेन, दोन्ही एकाच स्पीशीजचे प्राणी. ‘पिटबुल प्रजाती’ म्हटलं की लांडगा आणि कोल्हा यांच्यात असतो तसला फरक सूचित होतो. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत स्पीशीजला ‘जाती’ही म्हणतात, त्यामुळे ‘जात’ अगदीच निर्धोक नाही. पण गीर जातीची गाय म्हणताना कुणाचा गोंधळ होत नाही, तसा कुत्र्यातही होणार नाही. ‘वाण’ पिकांकडे जास्त झुकतो. ‘नस्ल’ची गरज नाही.

‘जातिवंत’ मात्र जपून वापरा. रोजच्या बोलण्यात तो कौतुकाचा शब्द आहे. कायद्याच्या मजकुरात ‘नोंदणीकृत वंशावळ असलेला’ असं सरळ लिहावं.

प्रदर्शन-परीक्षक:
वंशावळीचा मुद्दा आला म्हणून सांगतो. जात दिसण्यावर ठरत नाही, नोंदवहीवर ठरते. आई-बाप दोघांची नोंद एकाच जातीत असेल तर पिल्लू त्या जातीचं, मग ते दिसायला कितीही सुमार असो. आणि नोंदवह्याही एकमेकींशी जुळतातच असं नाही. अमेरिकेत युनायटेड केनेल क्लब १८९८ पासून ‘अमेरिकन पिटबुल टेरियर’ नोंदवतो. अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत हे नाव नाहीच. त्याने त्याच मुळाच्या कुत्र्यांना १९३६ मध्ये ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ म्हणून घेतलं आणि १९७२ मध्ये नावाआधी ‘अमेरिकन’ जोडलं. त्यामुळे एकाच कुत्र्याच्या दोन क्लबांत दोन जाती असू शकतात. ब्रिटनमधला ‘स्टॅफर्डशायर बुल टेरियर’ आणखी वेगळा, आकाराने लहान.

म्हणून अनुवादात नुसतं ‘पिटबुल’ आलं की थांबा आणि मूळ मजकूर पुन्हा वाचा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या २००५ च्या कायद्यात ‘पिटबुल’च्या व्याख्येत स्टॅफर्डशायर बुल टेरियर धरला आहे. ब्रिटनमध्ये त्याच कुत्र्यावर बंदी नाही.

वकील:
‘टाइप’ला ‘जात’ म्हणू नये. सगळा कायदा त्या एका शब्दावर उभा आहे.

ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यात बंदीखाली पिटबुल टेरियर आणि जपानी तोसा यांची नावे होती. डोगो अर्जेंटिनो व फिला ब्राझिलेरो त्याच वर्षी आदेशाने जोडले गेले. ‘टाइप’ आणि ‘ब्रीड’ एकच, असा युक्तिवाद १९९३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयापुढे झाला आणि न्यायालयाने तो फेटाळला. ‘टाइप’ची व्याप्ती मोठी ठरली. अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशनने छापलेले पिटबुलचे वर्णन मार्गदर्शक म्हणून घ्यायचे, आणि त्यातली सगळी नव्हे पण पुरेशी लक्षणे जुळली तर कुत्रा त्या ‘टाइप’चा. शिवाय फिर्यादी पक्षाने कुत्रा त्या ‘टाइप’चा असल्याचे म्हटले की तसे गृहीत धरले जाते, तो तसा नाही हे मालकाने दाखवायचे.

यातून व्यवहारात काय होते ते पाहा. लॅब्रॅडॉर आणि बॉक्सर यांच्या संकरातून झालेले पिल्लू मोठेपणी मापात बसले तर ते बंदीखाली येऊ शकते. आई-बापांची कागदपत्रे दाखवली तरी प्रश्न सुटत नाही, कारण वंश विचारलेलाच नसतो. तुम्ही अनुवादात ‘पिटबुल जातीचा’ लिहिलेत, तर मराठी वाचकाला वाटेल की वंशावळ दाखवली की झाले.

मी ‘धाटणी’ सुचवेन: ‘पिटबुल टेरियर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धाटणीचा कोणताही कुत्रा’. ‘प्रकार’ फार मोघम आहे, त्यातून ‘ब्रीड’ही ध्वनित होते. ‘धाटणी’त बांधा आणि ठेवण दोन्ही येतात, रक्ताचा संबंध येत नाही.

अनुवादक:
‘धाटणी’ आवडला. पण फ्रेंच कायद्याच्या तुलनेचा एक परिच्छेद आहे, तिथे तो टिकेल का?

वकील:
टिकेल, उलट तिथे जास्त उपयोगी पडेल. फ्रान्सच्या १९९९ च्या कायद्यात दोन वर्ग आहेत. नोंदणीकृत अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर दुसऱ्या वर्गात येतो, राखणीच्या कुत्र्यांत. तसाच दिसणारा पण नोंदणी नसलेला कुत्रा पहिल्या वर्गात जातो, आणि त्या वर्गाची खरेदी-विक्रीच बंद आहे. दुसऱ्या वर्गासाठी ‘जात’ आणि पहिल्यासाठी ‘धाटणी’ ठेवलीत तर फरक आपोआप कळेल. रॉटवायलर तेवढा अपवाद: कागद असोत नसोत, दुसराच वर्ग.

अनुवादक:
आता ‘एक्सएल बुली’, ब्रिटनच्या बंदी-यादीत नंतर आलेली मोठ्या बांध्याची धाटणी. तिच्या २०२३ च्या ब्रिटिश व्याख्येत ‘विदर्स’पाशी उंची नराची किमान ५१ आणि मादीची ४८ सेंटीमीटर आहे. ‘विदर्स’ला मराठीत काय? ‘वशिंड’ चालेल?

प्रदर्शन-परीक्षक:
वशिंड बैलाचं. कुत्र्याच्या बाबतीत ‘खांद्यापाशी उंची’ म्हणा आणि एकदा खुलासा करा: मान जिथे पाठीला मिळते तिथे, दोन्ही खवाट्यांच्या वरच्या टोकांचा उंचवटा. खुलासा हवाच, कारण माप तिथेच चुकतं. कुत्रा टणक, सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभा हवा, पुढचे पाय खांद्याच्या बरोबर खाली, मान नेहमीसारखी. त्या उंचवट्यावर आडवी पट्टी टेकवायची, केस दाबून, आणि पट्टीपासून जमिनीपर्यंत उभं अंतर मोजायचं. शिंप्याची टेप खांद्याच्या फुगवट्यावरून पायाला लावली की वळणामुळे आकडा सहज एक-दोन सेंटीमीटरने वाढतो. सीमारेषा ५१ वर असताना तेवढ्यात निकाल फिरतो. कुत्रा घाबरून दबला तर उलटी चूक होते.

वयाचंही तसंच. मोठ्या बांध्याचा कुत्रा वर्षभरानंतरही भरत राहतो, म्हणून सहा महिन्यांच्या पिल्लाबद्दल ठाम कुणीच बोलू नये. लहानपणी खच्ची केलेल्या नराच्या हाडांची वाढ उशिरा थांबते, त्यामुळे तो थोडा उंच निघतो.

आणि नुसती उंची पुरत नाही. उंचीसोबत डोकं, छाती, मान वगैरे लक्षणांपैकी ‘बरीचशी’ जुळायला हवीत. ‘बरीचशी’ म्हणजे किती, ते दिलेलं नाही. अनुवादात हा मोघमपणा तसाच ठेवा. ‘बहुसंख्य’ लिहिलंत तर निम्म्याहून अधिक असा अर्थ तुम्हीच घातलात.

पशुवैद्य:
‘मिक्स्ड ब्रीड’बद्दल कुणी बोललं नाही. ‘संकरित’ म्हणजे माहीत असलेल्या दोन जातींचं मीलन. आई-बापांचा पत्ताच नसेल तर ‘मिश्र’. रस्त्यावर जन्मलेल्याला ‘संकरित’ लिहिणं चूक, कारण त्याच्या पूर्वजांत एकही नोंदणीकृत जात नसू शकते.

मिश्र कुत्र्याची जात नजरेने ओळखणं किती अवघड, याचं चांगलं उदाहरण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या अभ्यासात आहे. चार प्राणी-निवाऱ्यांतले १२० कुत्रे, ओळखणारे १६ कर्मचारी, त्यात चार पशुवैद्य. कर्मचाऱ्यांनी मिळून ६२ कुत्रे पिटबुल धाटणीचे ठरवले. डीएनएत त्या वंशाचे २५ निघाले. कारण साधं आहे. केसांचा पोत, पायांची लांबी, पांढरे पट्टे ही लक्षणं मोजक्या जनुकांवर चालतात. दुसऱ्या पिढीतच ती इतकी विस्कटतात की एका वेतातली पिल्लं परस्परांशी नातं नसल्यासारखी दिसतात. रुंद डोकं आणि आखूड केस तर कितीतरी जातींत आहेत.

डीएनएचा अहवालही वाचायला शिकावं लागतं. गालाच्या आतून बोळा फिरवण्याआधी अर्धा-एक तास खायला देऊ नये, दुसऱ्या कुत्र्याशी भांड्याचा वा चाटण्याचा संबंध नको, नाहीतर नमुन्यात दुसऱ्याचाच डीएनए येतो. प्रयोगशाळा नमुना आपल्या संग्रहातल्या जातींशी ताडून पाहते. संग्रहात जी जात नाही ती अहवालात येणारच नाही, तिच्या जागी जवळची कुठलीतरी येईल. चार-पाच टक्क्यांच्या नोंदी सोडून द्याव्यात. आणि वंश कळला म्हणून स्वभाव कळत नाही: २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात वर्तनातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्क्यांचा उलगडा जातीवरून झाला.

वकील:
यादीचे शब्द कसे नसावेत, याला काही कुत्र्यांवर बंदी घालायला सांगणारे भारताचे १२ मार्च २०२४ चे केंद्रीय परिपत्रक पाहा. राज्यांना पाठवलेल्या त्या यादीत ‘तोसा इनू’ एकदा आणि ‘जपानी तोसा’ पुन्हा एकदा. नेमक्या जातींच्या रांगेत ‘टेरियर्स’ आणि ‘मॅस्टिफ्स’ हे अख्खे गट. शेवटी ‘बॅन डॉग’. तो शब्द एकत्र लिहायचा, बॅनडॉग, म्हणजे मुळात बांधून ठेवलेला राखणीचा कुत्रा. बंदीच्या यादीत तो तोडून छापला की कुणीही ‘बंदी असलेला कुत्रा’ असा अर्थ लावेल. कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक रद्द केले, पण ते संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले नाही म्हणून; शब्दांसाठी नव्हे.

अनुवादक:
शेवटचं. ब्रिटिश कायद्याच्या कलम ३ मधलं ‘डेंजरसली आउट ऑफ कंट्रोल’. ‘धोकादायक व अनियंत्रित कुत्रा’ असं केलंय.

वकील:
ते बदला. तिथे धोका कुत्र्याच्या स्वभावात नाही, प्रसंगात आहे. कुत्रा कोणालातरी इजा करील अशी रास्त भीती वाटावी, एवढे पुरते, आणि ते कलम प्रत्येक कुत्र्याला लागू आहे, पूडललासुद्धा. ‘धोका निर्माण होईल इतका ताब्याबाहेर गेलेला’ लिहा. ‘अनियंत्रित’ने कुत्रा कायमचाच तसा वाटतो.

पशुवैद्य:
लसीकरण कार्डावरच्या ‘जात’ या रकान्याबद्दलही एक सूचना, तुमच्या परिशिष्टात तो नमुना असेल तर. वंशावळ पाहिलेली नसेल तर तिथे अंदाज लिहू नये. ‘मिश्र, आखूड केस, तपकिरी, छातीवर पांढरा ठिपका, खांद्यापाशी ४६ सेंमी, २२ किलो’ आणि मायक्रोचिपचा क्रमांक. धाटणीवर चालणाऱ्या कायद्यात दवाखान्याच्या कार्डावर कुणीतरी घाईत लिहिलेलं ‘पिटबुल क्रॉस’ पुढे मालकाविरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतं.