सागरी मार्गावर सायकल: दुखापती आणि त्या टाळायचे उपाय (अनुभव धागा)

पाऊस उघडला की रेवस-रेडी सागरी मार्गावर सायकलवाल्यांची वर्दळ सुरू होते. तुम्हाला कुठे, कशाने लागलं, नंतर काय बदललं ते इथे सविस्तर लिहा. नवख्यांचे हातपाय शाबूत राहावेत एवढीच कळकळ आहे.

रत्नागिरीहून:
आरे-वारेचा उतार. वळणावर जांभ्याची बारीक खडी सांडलेली, तांबड्या रस्त्यात तांबडीच, त्यामुळे दिसत नाही. पुढचं चाक सरकलं, हात टेकला आणि कॉलरबोन गेलं. पडताना हात पुढे येतोच, मग सगळा दणका खांद्याकडे चढतो. आता वेग वळणाच्या आधीच उतरवतो. वळणात सायकल कललेली असताना ब्रेकला हात लावत नाही. हेल्मेट आपटलं होतं, वरून धड दिसत असूनही बदललं. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तेवढा मार सोसत नाही.

गुहागरहून:
आमच्याकडे घात करतात त्या खाड्या. दाभोळला उतरायचं, फेरीबोटीत उभं राहायचं, पाय गार पडतात आणि धोपाव्याला उतरल्या उतरल्या चढ. त्यात गिअर जड. माझ्या गुडघ्याच्या वाटीभोवती असं दुखायला लागलं की जिना उतरवेना. फिजिओताईंनी आधी गुडघा नाही, सायकल पाहिली. सीट खाली होती. पेडल तळाला असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंश वाकलेला हवा. घरी बघायचं तर टाच पेडलवर ठेवा, तळाला पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. वाटीपुढे दुखलं तर बहुधा सीट खाली असते, गुडघ्यामागे दुखलं तर वर. चढाला हलका गिअर लावून पाय भरभर फिरवा, रेटू नका.

मालवणहून:
करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. तळव्याच्या कडेची नस हँडलवर दाबली जाते. जाड ग्लोव्हज घेतले, पकड सतत बदलतो. मुंग्या रात्रीही राहिल्या तर मात्र डॉक्टरांकडे जाच.

मुरूडहून:
जेटीच्या उतारावर ओहोटीला शेवाळ उघडं पडतं. क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारी खाच असलेले) बूट तिथे जीवघेणे. बूट काढा, सायकल हातात धरून चाला.

वेंगुर्ल्याहून:
खाऱ्या वाऱ्याने ब्रेकची केबल आतून गंजते आणि ऐन उतारावर अडकते. फेरी संपली की गोड्या पाण्याने सायकल धुवा, कोरडी करा, मग तेल द्या.