पहिल्या महायुद्धाची पदकं: हिरवा थर कसा काढायचा आणि भिंतीवर कशी लावायची?

पणतू_शिवाजीपार्क
पणजोबांचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचं व्हिक्टरी मेडल घरी आहे. दोन्हींच्या कडेवर नाव आणि ११० मराठा पलटण कोरलेली. शिवाय आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली चार: १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल. सगळी नाण्यांच्या मऊ प्लास्टिक अल्बममध्ये होती. आता व्हिक्टरी मेडलवर हिरवा थर आहे, चांदी काळवंडली आहे, फिती विरल्या आहेत. फ्रेमवाला एमडीएफची पेटी, लाल मखमल आणि फेविकॉल सुचवतोय. घर मुंबईत, समुद्राच्या बाजूला. काय करू?

ताम्रपट
फ्रेमवाल्याला आधी थांबवा. एमडीएफ आणि प्लायमधून आम्लाची वाफ येत राहते, फेविकॉल सुकतानाही ॲसिटिक ॲसिड सुटतं. बंद पेटीत ती वाफ जाणार कुठे? लोकरीचं फेल्ट किंवा रबर असेल तर त्यातल्या गंधकाने चांदी आणखी काळी पडते. मखमलीचा स्वस्त लाल रंग दमटपणात फितीला लागतो, ते वेगळंच.

हिरवा थर चिकट आहे की कोरडा, ते बघा. चिकट असेल तर तो अल्बमच्या पीव्हीसीचा (मऊ प्लास्टिकचा) प्रताप. फीत कडीतून सोडवून बाजूला ठेवा (जुनी शिलाई उसवण्याआधी फोटो काढा), मग शुद्ध ॲसिटोनमध्ये कापसाचा बोळा बुडवून हलकेच टिपा, आधी कडेवर लहानशा जागी. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानांत मिळेल. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो. खिडकी उघडी, गॅस बंद.

थर कोरडा, फिकट हिरवा, पिठासारखा असेल आणि पुसल्यावर पुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे धातूला आतून खात जाणारा गंज. खारी हवा त्याला पोषकच. ते पदक पेटीत घालूच नका. पॉलिप्रॉपिलिनच्या घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे खडे) ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यांतलं काहीही लावू नका. व्हिक्टरी मेडलची मूळ सोनेरी झाक एकदा घासली की गेली. चांदीचा काळेपणा पदकाला धोकादायक नाही. उलट घासून घासून कडेवरचं नाव पुसट झालं, तर पदकाचा अर्धा जीव गेला. मऊ सुती कापडाने पुसा, नायट्राइल हातमोजे घाला, बस्स.

आता पेटी. ॲल्युमिनियमची चौकट, मागे ॲसिड-फ्री बोर्ड, पुढे यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक. आतली खोली किमान २५ मिमी, म्हणजे पदक ॲक्रिलिकला टेकणार नाही. बोर्डवर मंगलदास मार्केटमधलं बिनरंगी मांजरपाट, पण आधी उकळत्या पाण्यात धुऊन कांजी पूर्ण काढा, नाहीतर कसर येईल. फितीची वरची घडी सुती दोऱ्याने बोर्डला टाचा. विरलेल्या फितीवर पदकाचा भार येता कामा नये. पदकाच्या खालच्या कडेला स्टेनलेसच्या दोन टाचण्या लावा, त्यांवर पॉलिथिनची बारीक नळी चढवा, म्हणजे भार त्या घेतील. फिती बदलल्या तरी जुन्या फेकू नका.

आत २५-३० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. धातूला कोरडं आवडतं, पण फितीचं रेशीम फार कोरडं पडलं की तडकतं. पेटीत एलईडीची पट्टी लावू नका. पश्चिमेची भिंत, बाथरूमची भिंत टाळा आणि मागे १० मिमीचे बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवा.

कडेवरचं_नाव
एक गोष्ट राहिली: क्रम. बघणाऱ्याच्या डावीकडून ब्रिटिश वॉर मेडल, मग व्हिक्टरी. आजोबांची पदकं तुम्ही लिहिलीत त्याच क्रमाने, पण वेगळ्या ओळीत. सहा एका ओळीत लावली तर एकाच माणसाची वाटतील.

खाली पाटी लावताना जपून. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होत्या (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६), म्हणून बहुतेक जण थेट ‘कूतचा वीर’ लिहून टाकतात. नंतर भरती झालेले जवानही त्याच पलटणींत होते आणि पणजोबांच्या या पदकांवर लढाईच्या नावाची पट्टी नसते. त्यांच्या नोकरीचे कागद हाती येईपर्यंत कडेवर आहे तेवढंच लिहा.

पणतू_शिवाजीपार्क
थर चिकटच निघाला, सुटलो! चोर बाजारात आणखी एक ब्रिटिश वॉर मेडल आणि एक संगीन बघून ठेवलीय. घेऊ?

कडेवरचं_नाव
पदकासाठी व्हर्नियर कॅलिपर घेऊन जा. मूळ व्यास ३६ मिमी. कमी भरला किंवा नावाची जागा खोलगट दिसली तर जुनं नाव कानस मारून नवं टाकलंय. अक्षरं साबणासारखी गुळगुळीत आणि पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं दिसली तर ओतीव नक्कल. लोहचुंबकावर भिस्त नको. चांदी चिकटत नाही तसं निकेल-तांबंही चिकटत नाही. पावती मात्र मागा.

जुना_कायदा
संगीन शस्त्र कायद्याच्या यादीत आहे. पैसे देण्याआधी पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. जिवंत काडतूस कुणी ‘शोभेचं’ म्हणून देऊ केलं तर हातही लावू नका. आणि शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या चुलतभावाला पणजोबांचं पदक कुरियर करायचा विचार असेल तर त्याला फोटो पाठवा.

ताम्रपट
सिलिका जेल नारिंगीचं हिरवं झालं की बदलायचं. पावसाळ्यात दर आठवड्याला नजर टाका. ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं. निळ्याचं गुलाबी होणारं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं.