प्रोजेक्ट गिटारसाठी कमी खर्चातला लॉकिंग ट्रेमोलो कोणता घ्यावा?

तारांकित

सुपरस्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर बेतलेल्या) घाटाची बासवुडची बॉडी हाताशी आहे. फ्लॉइड रोझसाठी (तारा आवळून धरणारा, झुलणारा ब्रिज) पुढून खोलगट आणि मागून स्प्रिंगसाठी राउटिंग (लाकूड कोरून खळगा) झालेलं आहे, स्टडची (ब्रिज टेकतो त्या दोन स्क्रूंची) भोकं मात्र पाडलेली नाहीत. बॉडीची जाडी ४४ मिमी. नेक बोल्ट-ऑन मेपल, स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) २५.५ इंच, फिंगरबोर्डचा रेडियस (गोलाई) १२ इंच, नटपाशी (हेडस्टॉककडे तारा टेकतात ती पट्टी) रुंदी ४३ मिमी. हेडस्टॉक सरळ आहे, मागे झुकलेला नाही, आणि सध्या त्यावर साधा नट आहे. तारा १०-४६ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), ट्यूनिंग स्टँडर्ड ई.

ब्रिज, लॉकिंग नट आणि स्प्रिंग धरून १२ हजारांच्या आत बसवायचंय. समोर चार पर्याय आहेत: ऑनलाइन मिळणारे बिननावाचे, फ्लॉइड रोझ स्पेशल, फ्लॉइड रोझ १००० सिरीज आणि गोटोचा जीई१९९६टी. यातल्या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? जाणकारांनी सांगावं.

पोलादी_धार

पैसे कुठे जातात ते आधी बघा, मग निवड सोपी होते. अख्खा ब्रिज दोन स्टडवर टेकलेल्या बेसप्लेटच्या दोन धारांवर झुलतो. बार (ब्रिजची दांडी) दाबून सोडल्यावर तारा जागच्या जागी परत येतात की नाही, हे त्या धारा आणि स्टडची खाच यांवर ठरतं. धातू मऊ असेल तर धार चपटी होते, स्टडमध्ये खड्डा पडतो, आणि मग ब्रिज दर वेळी थोडा वेगळ्या जागी बसतो. लॉकिंग नट कितीही घट्ट असो, सूर हलतोच. बिननावाच्या ब्रिजमध्ये नेमकी हीच जागा कच्ची असते. वर सॅडल (तार टेकते ते तुकडे) झिंकचे, त्यामुळे तार आवळणाऱ्या स्क्रूचे आटे लवकर जातात.

स्पेशलची बेसप्लेट पोलादी, पण सॅडल आणि खालचा ब्लॉक (स्प्रिंग अडकतात तो ठोकळा) झिंकचे. १००० सिरीज कोरियात बनते आणि तिचे भाग ओरिजिनलसारखेच पोलादी असतात, ब्लॉक पितळी. गोटोची धार आणि स्टड दोन्ही उत्तम. माझं मत: बजेट ताणता येत असेल तर १००० किंवा गोटो. ताणता येत नसेल तर स्पेशल घ्या आणि पितळी ब्लॉक सवडीने बदला; भोकांचं अंतर जुळतंय ना, तेवढं आधी बघा. बिननावाचा अजिबात नको. त्यात वाचलेले पैसे पुन्हा स्टड-सॅडल शोधण्यातच जातात, आणि तेही जुळत नाहीत. दुकानात किंमत विचारताना आयात शुल्क धरून विचारा.

ब्लॉक ३२, ३७ आणि ४२ मिमी अशा लांबीत मिळतात. तुमच्या ४४ मिमी बॉडीला ३७ योग्य. ४२ मिमीचा ब्लॉक, बार दाबल्यावर, मागच्या झाकणाला लागायची शक्यता.

सुतारपक्षी

भोकं पाडायच्या आधी ब्रिज हातात येऊ द्या. नकाशावरून आधीच पाडून ठेवू नका. फ्लॉइडच्या दोन स्टडमधलं अंतर साधारण ७४ मिमी, फेंडरच्या दोन स्टडच्या ब्रिजचं साधारण ५६. पण ७४ म्हणताना कंपनीगणिक अर्धा मिमी इकडेतिकडे होतो, आणि तेवढ्यानेही धार स्टडवर तिरकी बसते. व्हर्निअरने मोजा.

जागा ठरवताना ब्रिज राउटमध्ये ठेवा, पातळ ई तारेचा सॅडल पुढे सरकवून त्याच्यापुढे जेमतेम १ मिमी वाव ठेवा, आणि तार जिथे टेकते तो बिंदू नटपासून ६४७.७ मिमीवर आणा. जाड ईचा सॅडल त्याच्या ३ ते ५ मिमी मागे जाणार, तेवढी जागा उरतेय ना बघा. मग दोन्ही ईच्या जागी दोरा ताणून फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारखं अंतर येतं का तपासा.

बासवुड मऊ लाकूड आहे, म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. १०-४६ तारांची मिळून ओढ सुमारे ४६ किलो. मागच्या स्प्रिंगसुद्धा ब्लॉकला गळ्याच्याच दिशेने ओढतात. म्हणजे स्टडवर येणारा भार नुसत्या तारांपेक्षा जास्त, आणि सगळा पुढच्या अंगाला. पुढे लाकूड कमी उरलं असेल तर स्टड हळूहळू पुढे झुकतात, चीर पडते. म्हणून लाकडात थेट फिरणारे स्क्रू-स्टड नकोत. बुशवाले (लाकडात बसवलेल्या धातूच्या नळीत फिरणारे) घ्या. बुशचा व्यास मोजून त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी भोक पाडून बघा. बुश हातोडीने ठोकू नका, ड्रिल प्रेसमध्ये किंवा क्लॅम्पने सरळ दाबा. क्लॉच्या (स्प्रिंगचं दुसरं टोक धरणाऱ्या पट्टीच्या) स्क्रूसाठीही आधी बारीक भोक पाडा, आणि क्लॉला अर्थची वायर झाळायला विसरू नका. ती नसेल तर तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही.

नटसम्राट_नाही

ब्रिजवर सगळे बोलतात, पण तुमच्या नेकवर खरं काम नटचं आहे. ४३ मिमीला आर३ मापाचा नट येतो, रुंदी ४२.९ मिमी. आर२ ४१.३ मिमीचा, तो घेतलात तर दोन्ही बाजूंना लाकूड उघडं दिसेल.

लॉकिंग नटची बैठक साध्या नटच्या खाचेपेक्षा कितीतरी लांब असते, म्हणून हेडस्टॉकच्या दिशेने लाकूड सपाट कापावं लागतं. फिंगरबोर्डला टेकणारी पुढची कड मात्र जुन्या नटच्या कडेच्याच जागी हवी, कारण स्केल तिथून मोजतात. ट्रस रॉडचं (नेकचा बाक सावरणाऱ्या सळईचं) तोंड हेडस्टॉककडे असेल तर नट बसल्यावर चावी जाते का, हे करवत लावायच्या आधी बघा. बैठक जरा खोल झाली तरी चालते, खाली पितळी शिम (पातळ पट्टी) घालून उंची आणता येते. उंची वाढून बसली तर मात्र पुन्हा कापणं आलं. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा, पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट राहिली की झालं.

सरळ हेडस्टॉकवर नटच्या मागे रिटेनर बार लागतोच. तो तारा खाली दाबून नटच्या गोलाईवर टेकवतो. तो नसेल तर क्लॅम्प आवळताना तार खाली ओढली जाते आणि सूर चढतो.

तारांकित

मनापासून धन्यवाद. ट्रस रॉड टाचेकडून फिरतो, तेव्हा तिथे अडचण नाही. स्पेशल आणि १००० दोन्हीचे भाव काढतो. १२ इंच रेडियसचं काय? फ्लॉइडचे सॅडल १० इंचाचे असतात ना?

पोलादी_धार

हो, १० इंचाचे. गणित सोपं आहे. ब्रिजपाशी दोन ईंमधलं अंतर ५३ मिमी धरलं तर १० आणि १२ इंचाच्या गोलाईत कडेला फरक येतो ०.२३ मिमी. दोन्ही ईच्या सॅडलखाली ०.२ मिमीची पोलादी पट्टी ठेवा, ए आणि बीखाली ०.१ चालेल, डी-जी तसेच. नटपाशी फरक जेमतेम ०.१ मिमी, तिकडे लक्ष देऊ नका.

सेटअपचा क्रम: १०-४६ ला तीन स्प्रिंगवर सुरुवात करा, क्लॉ अगदी आत गेला तरी ब्रिज पुढे झुकलेलाच असेल तर चौथी लावा. फाइन ट्यूनर (ब्रिजवरचे सूर बारीक जुळवायचे स्क्रू) मध्यावर ठेवा. नट उघडा ठेवून ट्यून करा, तारा ताणा, पुन्हा ट्यून करा, आणि क्लॉचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत बेसप्लेट बॉडीला समांतर आणा. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, म्हणून चार-पाच फेऱ्या होणारच. ब्रिजखाली लाकडाचा तुकडा अडकवून ट्यून केलं तर वेळ वाचतो. सगळं स्थिर झालं की मगच नट आवळा. तारा आणि नट ३ मिमी ऍलन कीने, सॅडल २.५ ने. हाताला अडकलं की पाव फेरा, बस.

ऍक्शनसाठी (फ्रेटपासून तारांची उंची) स्टड वरखाली करताना आधी तारा सैल करा. पूर्ण ताणात फिरवले तर स्टडची खाच धारेला कानशीसारखी घासते, आणि ज्या धारेसाठी एवढे पैसे दिले तीच जाते.

खारा_वारा

मुंबई-कोकणात असाल तर एवढंच: तार बदलताना स्प्रिंग, सॅडलचे स्क्रू आणि धारा कोरड्या कापडाने पुसा, धारेवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. खाऱ्या हवेत आणि घामात सॅडलचे स्क्रू आधी गंजतात, आणि गंजलेल्या स्क्रूचं डोकं ऍलन कीने गोल होतं. चार सुटे स्क्रू आणि सुटे इन्सर्ट (सॅडलमध्ये तार दाबून धरणारे ठोकळे) ब्रिजबरोबरच मागवा.