‘बहार’ हे नाव देवनागरीतच हवं

महालकर:
काटोलकडच्या संत्रा बागायतदारांसाठी आम्ही ॲप करतोय. ताण कधी दिला, पाणी कधी सोडलं, फवारणी कोणती, फळगळ किती, या सगळ्याची नोंद. आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांची, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामांची. नाव साहजिकच ‘बहार’. पण ॲप बनवायच्या ज्या सॉफ्टवेअर साधनात प्रकल्प सुरू केला त्यानं ते घेतलंच नाही. फक्त इंग्रजी अक्षरं चालतील म्हणे. रोमनमध्ये टाकलं, तेच फोल्डरला लागलं आणि पडद्यावरही आलं, आणि ज्या काकांना पहिल्यांदा दाखवलं त्यांनी वाचलं ‘बाहर’. त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे हिंदी सगळ्यांच्याच तोंडी, आणि रोमनमध्ये दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात क्रमांक देणारं मानक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, तिच्यात देवनागरी होतीच. जावा या प्रोग्रामिंग भाषेत चलांची (व्हेरिएबल्सची) नावं सुरुवातीपासून इतर लिप्यांत देता येतात. मग प्रकल्पाच्या नावावरच ही अट कशाला? ती काढलीच पाहिजे.

टर्मिनलवाला:
भाऊ, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. अँड्रॉइडवर आयकॉनखालचं नाव वेगळं आणि ॲपची आतली ओळख वेगळी. आयकॉनखाली आजही ‘बहार’ लिहा, कोणी अडवत नाही. आतल्या ओळखीत रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोअर आणि टिंबं एवढंच चालतं, ते तसंच राहू द्या.

आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर युजरचं नावच मराठीत होतं. बिल्ड होईना, म्हणजे कोडमधून ॲप तयारच होईना. तीन तास गेले, कारण लॉगमध्ये (यंत्रानं लिहिलेल्या नोंदीत) फोल्डरच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आणि रात्री बारा वाजता सर्व्हरवर चेन्नईचा सहकारी बसला असेल, तर तो ‘बहार’ टाइप कसा करणार? शिवाय युटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे ८५ चिन्हं. काना-मात्रा वेगळ्या मोजून.

महालकर:
‘बहार’ला १२ बाइट लागतात. २५५ची काळजी नको.
फोल्डरच्या नावात मोकळी जागा आली की पूर्वी हीच रड असायची. ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरच्या नावातच मोकळी जागा आहे, म्हणून साधनांना सुधारावं लागलं. मराठीसाठी मात्र आपणच नाव बदलायचं, हे मला पटत नाही. आणि रोमन स्पेलिंग ठरवणार कोण? नागपूरचं कळमना मार्केट घ्या. ‘ळ’ला रोमनमध्ये अक्षरच नाही. चार जण चार तऱ्हेनं लिहितील आणि चेन्नईच्या माणसाला त्यातलं एकही सापडणार नाही.

रफारवाला:
मी मराठीच्या बाजूचा, तरी इथे विरोध करतो. ‘शेतकऱ्यांचा मळा’ असं नाव ठेवा. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो: एक नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे न दिसणारा जोडक टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन निराळी नावं. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची रीत आहे, सामान्यीकरण, तीसुद्धा त्यांना एक करत नाही. म्हणजे तुमच्या ॲपशेजारी कोणी हुबेहूब त्याच नावाचं दुसरं ॲप ठेवलं, तर शेतकऱ्यानं ओळखायचं कसं? फसवणुकीला आयतं दार उघडतं. रोमनमध्ये कामं रखडतील, पण एवढा धोका नाही.

कानामात्रा:
रोमनमध्ये धोका नाही कसा? शून्य आणि ‘ओ’ यांचा गोंधळ तिथेही आहेच.
मी चाचणीचं काम करते, म्हणून नेमकं सांगते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३ ही आवृत्ती २००८ साली आली, तेव्हापासून त्यात ‘नागपूर’ हे चलाचं नाव म्हणून चालतं. पण त्याच पायथनमध्ये शब्द शोधायचा नेहमीचा पॅटर्न लावला की ‘नागपूर’चे तीन तुकडे पडतात: न, गप, र. काना आणि ऊकार त्याला अक्षर वाटतच नाहीत! एकाच भाषेत एक भाग नाव मान्य करतो आणि दुसरा ते तोडतो. नाव तपासायला लोक बहुतेकदा हा दुसराच भाग वापरतात आणि मग म्हणतात, देवनागरी अवघड आहे.

रफारवाला भाऊ, तुमच्या ‘ऱ्या’चं उत्तरही तिथेच आहे. चलाच्या नावात पायथन तो न दिसणारा जोडक घेतच नाही, चूक दाखवतं. नुक्त्याचा ‘ऱ’ घेतं. हाच नियम प्रकल्पाच्या नावाला लावा, या शब्दापुरतं एकच रूप उरतं.

रफारवाला:
हे मला माहीत नव्हतं, ताई. ‘ऱ्या’पुरता माझा आक्षेप मागे घेतो. पण काही कीबोर्ड जोडकवालाच ‘ऱ्या’ टंकत असतील. ते वापरणाऱ्यांना चूक दाखवताना ती मराठीत आणि नीट समजेल अशी दाखवा.

टर्मिनलवाला:
मी आतल्या रोमन ओळखीवर ठाम आहे. एवढं मात्र मान्य की साधनानं सुरुवातीलाच दोन नावं वेगवेगळी विचारायला हवीत. एकाच नावातून सगळं काढायचं आणि वर तेच पडद्यावर दाखवायचं, हे चूक.

महालकर:
दोन रकाने मिळाले तरी फोल्डरच्या देवनागरी नावाची मागणी मी सोडणार नाही. साधन बनवणाऱ्यांना आज लिहितोय. सोबत चाचणीसाठी तीन नावं देतोय: बहार, नागपूर, शेतकऱ्यांचा मळा. टर्मिनलवाला भाऊ, त्या मुलाच्या लॅपटॉपवरचा लॉग अजून असेल तर पाठवा, तोही जोडतो.